घोरपडीचा दुसरा भाग

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी मला भाडं, पाणी, पाहुणे यांतलं काहीच विचारलं नाही. मी देवळीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले आहे हे कळल्यावर त्यांनी हातातलं डाळ पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, घोरपड बुडते काय?"

"बुडते म्हणजे?"

"तळ्यात ढकलली तं मरते काय, असं विचारून राह्यली मी."

मी म्हटलं, सहसा नाही. घोरपड चांगली पोहते, पाण्याखाली बराच वेळ राहूही शकते.

काकूंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागल्यावर माणसं मिटतात तसे. मग आत जाऊन त्यांनी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "खोली तुलेच," म्हणाल्या. त्या मला शेवटपर्यंत मॅडम म्हणत आल्या आणि शेवटपर्यंत अरेतुरे करत आल्या. दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नसे.

मी सांगलीकडची. वर्धा जिल्ह्यात पहिल्यांदाच आले होते, ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्या संध्याकाळी दार वाजलं आणि मी सवयीनं आतून विचारलं, "कोण आहे?" बाहेर काकूच होत्या. अंगणातून काकूंचा शांत आवाज आला, "मेली. ही तं मेली."

मग त्यांनी मला खाटेवर बसवून नियम सांगितला. त्या घरात दार वाजल्यावर 'कोण आहे' म्हणायचं नाही. जो 'कोण आहे' विचारतो तो मध्यंतराच्या आत मरतो. आतून ठणकावून म्हणायचं, "नाव सांगा." भूत असो की घोरपड, तिला नाव सांगता येत नाही. गल्लीला हे पाठ झालं होतं. सिलिंडरवाला कोपऱ्यावरूनच स्वतःचं नाव, आडनाव आणि गाव ओरडत येई. दूधवालाही तसाच. पोस्टमन एकदा नवीन आला तर त्याला काकूंनी नाव सांगेपर्यंत उन्हात उभं ठेवलं होतं.

हे सगळं आलं होतं एका सिनेमातून. काकू नवीन लग्न होऊन देवळीत आल्या त्या काळातला, म्हणजे ऐंशीच्या दशकातला हिंदी सिनेमा. एक शास्त्रज्ञ तळ्याकाठच्या घोरपडीला इंजेक्शन देतो, ती माणसाएवढी होते, दोन पायांवर चालते आणि गावातली माणसं खाते. मधूनमधून एक भित्रा हवालदार विनोद करतो. सिनेमाचं खरं नाव काकूंना माहीत नव्हतं, कारण त्या उशिरा पोचल्या आणि पाट्या निघून गेल्या होत्या. हा दुसरा भाग आहे एवढं मात्र नक्की. कारण सुरुवातीलाच कोणीतरी म्हणतं, "पण ती तर मेली होती." पहिला भाग त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या माहितीत कोणीच पाहिला नव्हता.

आणि दुसराही त्यांनी अर्धाच पाहिला होता. शास्त्रज्ञ न्हाणीघरात टबात बसलेला आहे, तोंडाला साबण, डोळे मिटलेले, आणि टबाच्या काठावर एक हिरवा, खवल्यांचा पंजा येतो. तिथे मध्यंतर. काकूंच्या हिशेबी तो पंजा तेव्हापासून तिथेच होता.

पुढचा अर्धा सिनेमा त्यांनी स्वतःच रचला होता. संध्याकाळी अंगणात भाजी निवडताना त्या तो भाडेकरूला सांगत. कधी थोडा, कधी जास्त, पण मी चहा केला असेल तर नक्की जास्त. त्यांच्या गोष्टीत घोरपड दुष्ट नव्हती. तिचं अंडं शास्त्रज्ञानं चोरलेलं असतं आणि ती ते शोधत हिंडत असते. शास्त्रज्ञाच्या लग्नात ती बँडवाल्यांचा डगला घालून शिरते आणि ताशा वाजवते. माझ्या वेळी तिनं एका कॉलेजच्या प्राचार्यांना खाल्लं. माझ्या आधी तिथे एक बँकेतले गृहस्थ राहत होते, पुढे तळेगावला बदलून गेले. ते एकदा भेटायला आले तेव्हा मी विषय काढला. ते चपापून म्हणाले, "प्राचार्य? नाही हो. ती शाखाधिकाऱ्याला खाते." त्यांच्या आधीच्या नर्सबाईंच्या वेळी तिनं एक डॉक्टर गिळला होता म्हणे. ज्याला जो जाच असेल तो काकू बरोबर ओळखत, आणि घोरपडीला तिकडे पाठवत.

एका उन्हाळ्यात खरीच घोरपड आली. मागच्या नालीतून वर येऊन धुण्याच्या दगडावर पसरली. गल्लीतले लोक काठ्या घेऊन जमले. प्राणिशास्त्राची पदवी असलेली मी स्टुलावर उभी होते. काकू खराटा घेऊन आल्या आणि घोरपडीकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"कोणाले मारून राह्यले रे?"

"काकू, चावन ते," कोणीतरी म्हणालं.

"तुमी काठ्या घेऊन आले, ते रिकाम्या हातानं आली. आता कोण कोणाले चावन ते सांगा."

मी स्टुलावरूनच सांगितलं की घोरपड मारणं गुन्हा आहे. ते कोणी ऐकलं नाही, पण खराटा सगळ्यांनी पाहिला. लोक पांगल्यावर काकू वळल्या आणि तिला घरच्या पाहुणीला बोलतात तसं म्हणाल्या, "जाय माय. इथी नाई हाये तुहं अंडं." घोरपड सावकाश उतरून नालीत गेली. मग काकू स्टुलाकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तूबी उतर आता."

मध्यंतराला असं काय झालं होतं, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. एका श्रावणात, काकू पुडाच्या वड्यांसाठी सांबार निवडत बसल्या होत्या. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

घरात सिनेमाला बंदी होती. सासरे कडक, सकाळी पोथी वाचल्याशिवाय पाणी न घेणारे. काकू आणि त्यांची धाकटी नणंद, दोघी जवळजवळ एका वयाच्या, एकाच ताटात जेवायच्या. बांगड्या भरायला जातो असं सांगून दोघी बसनं वर्ध्याला गेल्या आणि टॉकीजमध्ये जाऊन बसल्या. अर्धा सिनेमा त्यांनी एकमेकींचा पदर तोंडात धरून पाहिला. मध्यंतरात शेंगदाणे घ्यायला बाहेर आल्या, तर समोर सासरे. हातात समोसा, सोबत बाजारातले दोन मित्र, आणि सासरे त्या दोघांना घोरपड पंजा कसा टाकते ते समोशासकट करून दाखवत होते.

"मंग?"

"मंग काय, पळालो. बांगड्या बी नाई भरल्या. सासू म्हणे, काऊन वं, हात रिकामे? नणंद म्हणे, दुकान बंद होतं." काकूंनी सांबाराची जुडी झटकली. "अन् माहा सासरा रात्री जेवाले बसला तं त्याले सगळं माहीत होतं, पुढं काय झालं ते. समोर बसून भाकर खाऊन राह्यला, पण विचारता येते का? तो मेला तं सांगतल्याबिगर मेला."

पुढे नणंदेचं लग्न अल्लीपूरला झालं. तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाला काकू गेल्या. बायका जमलेल्या होत्या, गप्पा सिनेमावर आल्या, आणि नणंद सगळ्यांसमोर म्हणाली की गावात तंबूचा सिनेमा आला तेव्हा आम्ही नवराबायको जाऊन तो घोरपडीचा पाहून आलो, पूर्ण. काकूंनी जीव मुठीत धरून विचारलं, मग शेवट काय? नणंद म्हणाली, तळ्यात बुडून मरते.

"मी म्हटलं, घोरपड बुडत नाई. तू पाह्यलाच नाई हा सिनेमा. सगळ्या बाया हासल्या. तिची सासू तं लय हासली. म्हणे, आमचा पोरगा अन् बायकोले सिनेमाले नेते, हे तं मले बी नवीनच. मी जिंकली न तवा."

"आणि त्या?"

"तिनं तोंड फिरवलं. तवापासून बोलत नाई." काकूंनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं. "तिचा भाऊ, आमचे हे, गेले तवा आलती. बसली, गेली. एका सिनेमासाठी कोणी एवढं धरते काय?"

जिंकल्यावर माणूस जितका आनंदी असायला हवा तितक्या त्या दिसत नव्हत्या.

तो सिनेमा शोधायचा हे मी त्या दिवशी मनावर घेतलं. नाव माहीत नसलेला सिनेमा शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. घोरपड, शास्त्रज्ञ, तळं, हवालदार, टब, असं मोबाइलवर उलटसुलट टाकत राहिले. मगर मिळाली, साप पुष्कळ मिळाले, एक माणूस खाणारी वेलसुद्धा मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत अखेर सापडला. कोणीतरी भलत्याच नावानं टाकला होता. रंग विटलेले, आवाज डब्यातून आल्यासारखा, पण टब होता आणि पंजा होता. मी तिथेच थांबवला आणि धावत काकूंकडे गेले.

काकूंनी पडद्यावरचा तो पंजा पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "बंद कर."

"पाहायचा नाही?"

"मी एकटी पाहीन, तं ते म्हणन मी बी मनानंच सांगून राह्यली. तिच्यासमोर पाहाचा." आणि जरा थांबून, "अन् ते आली नाई तं नाईच पाहाचा."

ती येणार नव्हतीच, तिचे गुडघे गेले होते. म्हणून आम्ही गेलो. वर्ध्याला बस बदलून अल्लीपूरला. काकूंनी पुडाच्या वड्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. बसमध्ये गप्प बसलेल्या काकू मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

घराच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. ओसरीवर नणंदेचे यजमान खुर्चीत बसून बाहेर बघत होते. उंच, कोरडे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मान हलवली, एवढंच. नणंद आत खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिनं काकूंकडे पाहिलं आणि सुनेला म्हटलं, "मामीले पाणी दे."

काकू मला म्हणाल्या, "त्यांले सांग, पाणी बसस्टँडवर पेली मी."

मी आणि सून, दोघींनी निरोप्यांचं काम काही वेळ केलं. मग सुनेनं माझा मोबाइल टीव्हीला जोडून दिला. आम्ही कशाला आलो आहोत ते मी सांगितलं. नणंदेनं पाय आवरून खाटेवर जागा केली. काकू तिच्या शेजारी बसल्या, मध्ये वड्यांचा डबा ठेवून.

सिनेमा पहिल्यापासून लावला. खरं सांगायचं तर तो भयंकर वाईट होता. घोरपड म्हणजे हिरव्या स्पंजाच्या पोशाखातला एक जाडसर माणूस. ती तळ्यातून बाहेर आली, वळली, आणि तिची पाठ दिसली.

"पाठीला चेन आहे," मी न राहवून म्हटलं.

"चेन नाई ते," काकू म्हणाल्या. "पाठीचा कणा."

"चेनच हाये वहिनी," नणंद म्हणाली.

सून भांडी लावत होती ती थांबली. काकूंनी सावकाश मान वळवली. "कणा हाये बाई." नणंदेला त्या पहिल्यापासून बाईच म्हणत.

"कण्याले कोणी वरून खाली ओढते काय? ते पाहा, अर्धी उघडी हाये."

"तुहे डोळे कवापासून एवढे चांगले झाले?"

"मागल्या वर्षी ऑपरेशन झालं."

"मले कोणी सांगतलं नाई."

"तू कुठी विचारलं?"

आणि मग दोघी सुरू झाल्या. हवालदाराचे विनोद दोघींना पाठ होते. तो तोंड उघडायच्या आत या म्हणायच्या. टब आला, शास्त्रज्ञानं डोळे मिटले, पंजा काठावर आला, आणि मी पाहिलं की डब्यावरून काकूंचा हात नणंदेच्या मनगटावर गेला होता. मध्यंतराची पाटी आली. कोणी शेंगदाणे आणायला उठलं नाही.

मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला कळलं की तो पंजा घोरपडीचा नव्हता. हवालदारानं शास्त्रज्ञाची गंमत करायला हातमोजा घातला होता.

काकूंनी तो हातमोजा नीट निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "यासाठी आमी एवढे दिवस भेलो?"

"मी आजबी टबात नाई बसत," नणंद म्हणाली.

"तुह्या घरी टब कुठी हाये?"

"नाईच घेऊ दिला मी."

एवढ्यात यजमान चहाचा कप ठेवायला आत आले. ठेवून निघाले, दारात थबकले. पडद्यावर घोरपड मोटरसायकलमागे धावत होती. "तिनं बूट घातला हाये," ते म्हणाले. पुढचं बघायला एक पाऊल आत आले, मग दुसरं, आणि शेवटी खाटेच्या कडेला, नणंदेच्या पायांशी टेकले. नणंदेनं पाय थोडे बाजूला घेतले.

पुष्कळ वेळानं ती काकूंकडे न बघता, हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा माह्यासंगं सिनेमाले बसले हे."

यजमानांना ऐकू आलं नाही, त्यांना कमीच येत असे. काकूंना आलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या, पण आता काही पाहत नव्हत्या. बारशातल्या त्या बायका, ती हसणारी सासू, सगळं त्यांच्यासमोरून गेलं असावं. मी कधी त्यांचा चेहरा असा उतरलेला पाहिला नाही.

सिनेमात घोरपड एका गोदामात शिरली. नायकानं बाहेरून कडी घातली आणि कडब्याला आग लावली. सगळा पडदा भगवा झाला, घोरपड हात वर करून जळू लागली. अन् काकू मोठ्यानं, सुनेला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा. बुडली. बाईनं सांगतलं होतं तसंच."

सून दारातून म्हणाली, "मामी, ते तं जळून राह्यली."

"बुडली म्हणतो न मी. हिनं पाह्यला होता हा सिनेमा. पूर्ण पाह्यला होता. मीच मूर्ख, चारचौघींत बोलली."

नणंदेनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र हसत होते. "राहू दे वहिनी," ती म्हणाली. "एवढ्या आगीत कोण बुडते?"

काकूंनी डबा उघडून एक वडी तिच्या हातावर ठेवली. तिनं अर्धी मोडून काकूंना दिली. मी उगाच मोबाइलची वायर नीट करत बसले.

धूर विरला तेव्हा राखेत एक अंडं होतं. त्याला तडा गेला, आतून हिरवी शेपटी वळवळली, आणि तिसरा भाग लवकरच येत असल्याची पाटी आली.

"अंडं होतं," काकू पुटपुटल्या. "मी म्हटलं नव्हतं काय, अंडं होतं."

यजमान हलले नाहीत. पाटी गेली, पडदा काळा झाला, तरी ते तिकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "तिसरा कुठी लागला हाये? जाऊ आपण."

मला सांगावं लागलं की तिसरा निघालाच नाही. मी येण्याआधीच शोधून ठेवलं होतं. त्या काळात असे पुष्कळ भाग जाहीर होत आणि मग कोणाला आठवतही नसत. हे ऐकून यजमान नाराज होऊन ओसरीवर गेले. दोघी नणंदभावजयांनी मात्र माझं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आम्ही शेवटच्या बसला निघालो तोवर अंड्यातून जे बाहेर आलं ती मुलगी होती हे ठरलं होतं, आणि तिला शाळेत घालायचं की नाही यावर मतभेद झाले होते.

त्यानंतर मी देवळीत होते तोवर रोज दुपारी काकूंचा फोन खाटेवर चालू असे आणि त्यातून अल्लीपूर बोलत असे. माझ्यासारख्या भाडेकरूंना पूर्वी गोष्ट ऐकायला मिळायची. आता ती आम्हाला शेजारून, अर्धीमुर्धी ऐकावी लागे, आणि मध्ये बोललेलं चालत नसे. यजमानही कधी कधी मागून एखादा शब्द टाकत. मोटरसायकल पाहिजे, असं त्यांचं कायम म्हणणं होतं.

माझी बदली होऊन आता मी परत सांगलीकडे आहे. गेल्या महिन्यात काकूंना सहज फोन लावला. बराच वेळ लाइन बिझी होती. शेवटी लागला.

"काकू, कशा आहात?"

"मॅडम, मंग करजो फोन," त्या घाईनं म्हणाल्या. "घोरपड वर्ध्याच्या बसमंदी चढून राह्यली, अन् बाई म्हणते तिले अर्धं तिकीट लागते."